पाव फेरा मोकळा

पिनरहून मी बोलतोय. या कार्यक्रमात आपण एरवी पाककृती ऐकतो, व्हिसाचे नियम ऐकतो, गणपतीच्या आठवणी ऐकतो. आज मी बोलणार आहे क्लचबद्दल. तोही चारचाकी क्वाड बाईकचा क्लच, ज्याला इथले शेतकरी नुसतं ‘क्वाड’ म्हणतात. तुमच्यापैकी बहुतेकांकडे क्वाड नसणार, माझ्याकडेही नाही. पण घरी भारतातून वडील किंवा सासरे आले असतील तर पंधरा मिनिटं थांबा. हे बोलणं थोडं त्यांच्याबद्दलही आहे.

माझे वडील, म्हणजे आण्णा, कराडचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. यंदा मे महिन्यात ते आमच्याकडे आले, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच फेरी. आम्ही दोघं दिवसभर कामात. माझं काम आयटी कन्सल्टिंगचं. म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांना त्यांचं काम कसं करावं ते सांगायचं. मुलगी शाळेत. आण्णा सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसत, ते दुपारी जेवायला उठत. मी जाता-येता म्हणायचो, “आण्णा, आराम करा. आयुष्यभर कष्ट केलेत.” ते मान हलवायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आमच्या घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. त्यानंतर घरात तेल द्यायलाही काही उरलं नाही.

एका रविवारी त्यांना पिनर मेमोरियल पार्कमध्ये घेऊन गेलो. तिथे हीथ रॉबिन्सन म्युझियम आहे. हा चित्रकार 1908 पासून काही वर्षं पिनरमध्येच राहत होता. साध्यासुध्या कामासाठी दोऱ्या, कप्प्या आणि खटक्यांची अवाढव्य यंत्रं तो चित्रात काढायचा. इंग्रजीत जुगाडू यंत्राला आजही त्याचंच नाव देतात. आण्णांना इंग्रजी वाचता येत नाही. पण एका चित्रासमोर ते दहा मिनिटं उभे राहिले आणि मग मोठ्याने हसले. “आरं, ही कप्पी उलटी फिरंल,” म्हणाले. आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

आता क्वाडकडे येतो. चिल्टर्न टेकड्यांमध्ये, ॲमरशॅमच्या पुढे, आमच्या ओळखीच्या एक इंग्रज बाई राहतात. वय सत्तरच्या पुढे. थोड्या मेंढ्या, दोन घोडे आणि उताराची जमीन. माझी मुलगी शनिवारी तिथे घोड्यांची कामं करायला जाते. बाईंचे यजमान गेल्या हिवाळ्यात वारले. क्वाडची देखभाल तेच बघायचे. ते गेल्यानंतर गाडी बिघडत गेली. गियर कडक पडायचा. पहिल्यात टाकला की गाडी झटका मारायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे थांबल्यावर न्यूट्रल सापडायचा नाही.

जूनमधल्या एका शनिवारी बाई फाटकाशी थांबल्या. न्यूट्रल पडेना, म्हणून कंटाळून गाडी पहिल्या गियरमध्येच चालू ठेवून खाली उतरल्या. उतरताना अंगठा थ्रॉटलला लागला. गाडी हातभर पुढे उडाली आणि त्यांचा गुडघा फाटकाच्या खांबावर दाबला गेला. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. माझी मुलगी तेव्हा फाटकाच्या पलीकडे उभी होती. संध्याकाळी तिने हे जेवताना सांगितलं. बाई आता क्वाड विकणार होत्या. आणि क्वाड गेला की त्या उतारावर मेंढ्यांना चारा न्यायचा कसा, म्हणून मेंढ्याही विकणार होत्या.

आण्णा ताटावरून मान वर करून म्हणाले, “क्लच सोडत न्हाई.”

मी म्हटलं, “आण्णा, त्या गाडीला क्लच नसतो. हँडलवर लिव्हरच नाही.”

“लिव्हर नसंल,” ते म्हणाले. “क्लच असणारच.”

आणि ते बरोबर होते. का, ते सांगतो.

इंजिन सतत फिरत असतं. चाक कधी फिरतं, कधी थांबतं. या दोघांना जोडणारा आणि सोडणारा जो मधला माणूस, तो क्लच. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बजाज चेतक होती. 1972 मध्ये आकुर्डीच्या बजाजने आणलेली ही स्कूटर मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. तिचा क्लच डाव्या हातात आणि गियरही त्याच मुठीत. लिव्हर दाबली की केबल ओढली जायची आणि प्लेटा सुट्या व्हायच्या. मूठ फिरवून गियर बदलायचा आणि लिव्हर हळू सोडायची. त्या लिव्हरला सुरुवातीला थोडी ढिलाई ठेवावी लागते, दोन-तीन मिलिमीटर. मेकॅनिक तिला ‘प्ले’ म्हणतात. प्ले अजिबात नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. प्ले जास्त झाला तर लिव्हर पूर्ण दाबली तरी प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. मग गियर कडक पडतो, न्यूट्रल सापडत नाही आणि गाडी झटका मारते.

आता लिव्हर नसलेली गाडी. होंडाने 1958 मध्ये सुपर कब ही छोटी मोटरसायकल काढली, तिच्यात क्लचची लिव्हर नव्हती. डावा हात मोकळा आणि गियर पायाने. 1970 मध्ये होंडाने अमेरिकेत फुगीर चाकांची तीनचाकी आणली, तिच्यातही लिव्हर नव्हती. 1982 च्या सुमारास सुझुकीची चारचाकी आली. तीनचाकी फार उलटायच्या, म्हणून 1988 मध्ये अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमध्ये करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली आणि चारचाकी क्वाडच राहिले. त्यातल्या पायाने गियर बदलायच्या पुष्कळ क्वाडमध्ये एक सोडून दोन क्लच असतात.

पहिला क्लच आपोआप चालणारा. इंजिनाची रेस वाढली की आतले वजनदार तुकडे बाहेर फेकले जातात आणि बाहेरच्या डब्याला घट्ट धरतात. रेस कमी झाली की स्प्रिंग त्यांना आत ओढते. म्हणून गियरमध्ये असूनही क्वाड जागेवर उभा राहू शकतो. दुसरा क्लच गियर बदलण्यासाठी, चेतकसारखाच अनेक प्लेटांचा. तो पायातल्या गियरच्या पेडललाच जोडलेला असतो. पेडलचा पहिला थोडा प्रवास क्लच सोडवतो, उरलेला प्रवास गियर बदलतो. चालवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. पण त्या पहिल्या प्रवासात प्ले किती, हे ठरवणारा एक स्क्रू इंजिनाच्या कव्हरवर असतो आणि त्यावर एक लॉकनट.

पुढच्या शनिवारी आण्णांना घेऊन गेलो. आण्णांचा उजवा हात हल्ली थरथरतो, बारीक स्क्रूवर पेचकस ठरत नाही. म्हणून ठरलं की ते सांगतील आणि मी करीन. थोडक्यात, त्या दिवशी कन्सल्टंट ते होते आणि हात माझे.

मी बॅगेतून पाने काढायला लागलो तर म्हणाले, “थांब की. आधी विचारू तरी दे.” मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. मी इंग्रजीत विचारत गेलो, बाई उत्तरं देत गेल्या. हे प्रश्न तुम्हीही लिहून ठेवा.

पहिला प्रश्न. गियरमध्ये असताना थ्रॉटल न देता गाडी आपोआप पुढे सरकते का? बाई म्हणाल्या, नाही. म्हणजे स्लो, इंजिनाची किमान रेस, वाढलेली नाही आणि पहिला क्लच नीट सुटतोय. सरकत असती, तर आधी स्लो तपासायचा होता.

दुसरा. चढावर रेस वाढते पण गाडी ओढत नाही, असं होतं का? नाही. म्हणजे प्लेटा घसरत नाहीत, त्यांच्यात जीव आहे. घसरत असत्या, तर नुसता स्क्रू फिरवून भागलं नसतं.

तिसरा. ऑइल कुठलं घातलंय? या गाड्यांमध्ये क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती मोटारीला चांगली, पण या प्लेटांना घसरवतात. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ अशी खूण असलेलं, मोटरसायकलसाठीचं ऑइल लागतं. यजमानांनी शेडमध्ये ठेवलेला डबा बाईंनी आणून दाखवला. तो बरोबर होता. डब्यावर त्यांच्या हाताने तारीख लिहिलेली होती. बाई तो डबा थोडा वेळ धरूनच उभ्या राहिल्या.

आमच्या मॅनेजमेंटच्या भाषेत याला ‘रूट कॉज’ शोधणं म्हणतात. त्यासाठी मी दोन वर्षं एमबीए केलं. आण्णांनी ते तीन प्रश्नांत उरकलं. उरला फक्त दुसऱ्या क्लचचा स्क्रू.

आता काम कसं केलं ते क्रमाने सांगतो. गाडी सपाट जागी घेतली. इंजिन बंद आणि थंड. हँडब्रेक लावला. गियर न्यूट्रलमध्ये आणला, त्यासाठी गाडी थोडी पुढे-मागे हलवावी लागली. किल्ली काढून खिशात टाकली. स्क्रूवरची धूळ आणि चिखल पुसून काढला. मग लॉकनटला रिंग पाना लावला, आणि तो नट जवळजवळ हातानेच फिरला. आण्णा म्हणाले, “हे बघ. नट ढिला पडलाय. हादऱ्यानं स्क्रू फिरला असंल.” बिघाड एवढाच होता.

बाईंच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की लॉकनट सैल करा, स्क्रू घड्याळाच्या उलट्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, अडथळा लागेल तिथे थांबा, मग सुलट दिशेने पाव फेरा मागे या आणि लॉकनट घट्ट करा. तुमच्या गाडीची दिशा आणि फेरा वेगळा असू शकतो, म्हणून पुस्तक बघितल्याशिवाय हात लावू नका.

मी स्क्रू फिरवला. अडथळा लागला. अजून थोडा फिरवला, चांगला बसू दे म्हणून. आण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “जोर कशाला लावतोस? लागला की लागला. त्याच्या म्होरं गेलास तर क्लच कायमचा दाबून बसंल.” पुन्हा सैल केला, पुन्हा हलक्या हाताने फिरवला. अडथळा लागला. तिथून पाव फेरा मागे. हा पाव फेरा म्हणजेच प्ले.

मग मी पाना घेऊन लॉकनट आवळला आणि खूश झालो. आण्णा म्हणाले, “स्क्रूकडं बघ.” नटाबरोबर स्क्रूही फिरला होता. सगळं पहिल्यापासून. एका हाताने पेचकस स्क्रूत घट्ट धरून ठेवायचा, तो तसूभर हलू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या हाताने नट आवळायचा. मला दोन हात पुरेनात. शेवटी पेचकस आण्णांनी धरला. बारीक खाच शोधताना हात थरथरतो, पण एकदा पेचकस खाचेत बसला आणि वरून दाब दिला की तो हात दगडासारखा स्थिर होता. मी नट आवळला.

चाचणीही घाईने करायची नाही. समोर मोकळी जागा ठेवायची, कोणी माणूस किंवा जनावर पुढे उभं राहू द्यायचं नाही. गाडीवर बसून ब्रेक धरायचा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करायचं आणि मग पहिला गियर टाकायचा. आधी ‘धाड’ आवाज यायचा, आता नुसता ‘टक्’ आला. पुन्हा न्यूट्रल, सहज सापडला. मग सावकाश चालवून वरचे गियर बघितले. शेवटी उतारावर थोडा चढ देऊन गाडी घसरत नाही ना, हे तपासलं. बाई स्वतः फाटकापर्यंत गेल्या, थांबल्या, न्यूट्रल टाकला, हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मगच उतरल्या. इथल्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याचा शेतावरच्या वाहनांसाठी हाच नियम आहे. त्याला ते ‘सेफ स्टॉप’ म्हणतात. क्लच कितीही उत्तम असला तरी या चार गोष्टी केल्याशिवाय उतरायचं नाही. हेल्मेटही हवं. आणि एका माणसासाठी बनवलेल्या क्वाडवर मागे मुलांना बसवायचं नाही, सुट्टीत अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर गेलात तरी.

एक खुलासाही करतो. सगळ्या क्वाडना हा स्क्रू नसतो. आजकालच्या पुष्कळ गाड्या पट्ट्यावर चालतात. तुम्हाला 1984 ची कायनेटिक होंडा आठवत असेल, गियर नसलेली, तसाच तो प्रकार. तिथे हा उपाय लागू नाही. आणि पाव फेरा देऊनही गियर कडकच राहिला, किंवा गाडी घसरायला लागली, तर आत प्लेटा किंवा दुसरं काही झिजलेलं असणार. मग गाडी मेकॅनिककडेच न्यायची.

कायनेटिकवरून मूळ गोष्टीकडे येतो. बिनगियरच्या स्कूटर आल्या आणि आण्णांच्या गॅरेजचं काम ओसरत गेलं. चेतकच्या क्लच प्लेटा बदलणं, केबल घालणं, यावर त्यांचं दुकान चालायचं. मी तेव्हा नुकताच एमबीए झालो होतो. सुट्टीत कराडला गेलो, त्यांच्या वह्या घेऊन बसलो आणि लॅपटॉपवर तक्ता केला. दुकान तोट्यात होतं. मी म्हटलं, बंद करा, गाळा भाड्याने द्या. दोन महिन्यांत तिथे मोबाइलचं दुकान आलं. आण्णा एक शब्दही बोलले नव्हते. त्यांना पटलंय, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

त्या शनिवारी परत येताना गाडीत बराच वेळ दोघंही गप्प होतो. मुलगी मागे झोपली होती. हातातल्या काळ्या डागाकडे बघत आण्णा म्हणाले, “दुकान बंद केलं ते बरोबरच झालं. तुझा हिशोब चुकला नव्हता.” मी मान हलवली. मग ते म्हणाले, “पण तू मला विचारलं न्हाईस. नुसतं सांगितलंस.”

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता आलेलं नाही. तेव्हा वाटत होतं की मी त्यांचं ओझं हलकं करतोय. पिनरमध्ये “आराम करा” म्हणतानाही तसंच वाटत होतं. दोन्ही वेळा मी अडथळा लागल्यावर थांबलो नाही, आणखी थोडा आवळलाच.

आण्णा अजून इथेच आहेत, ऑक्टोबरअखेर परत जातील. फार काही बदललंय असं नाही. सकाळी ते खिडकीशीच बसतात. पण बाईंनी शेडमधल्या यजमानांच्या पेट्या त्यांच्यासमोर उघडून ठेवल्यात. शनिवारी आण्णा तिथे बसून पाने-हत्यारं मापाप्रमाणे लावतात आणि माझ्या मुलीला प्रत्येकाचं नाव सांगतात. ती इंग्रजी नाव सांगते, ते मराठी. बाईंनी मेंढ्या विकलेल्या नाहीत.

तर मंडळी, तुमच्याकडे कोणी वडीलधारं माणूस आलेलं असेल, तर या आठवड्यात त्यांना एक खरा प्रश्न विचारा. “बरं वाटतंय ना” आणि “गोळी घेतली का” हे सोडून. ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही आणि त्यांना येतं, असा एक प्रश्न. शिलाई मशीनचा दोरा का तुटतो, नळ का गळतो, वरण फोडणी देऊनही पांचट का लागतं, काहीही. आणि ते सांगत असताना हातातलं हत्यार घाईने फिरवू नका.

आणि क्वाड असेल, तर लॉकनट अधूनमधून तपासत जा. इंजिन बंद करून आणि किल्ली खिशात टाकून.

पिनरहून एवढंच. नमस्कार.